भारी रिसॉर्टवर मिटिंग ठेवू का? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात विषय दिला होता की शहराबाहेरचं लक्झरी हॉटेल किंवा रिसॉर्ट घेऊन तिथे मिटिंग, संमेलन, कार्यक्रम करायचा तर काय काय बघावं. सोलापूर आणि आसपासहून भरपूर प्रश्न आलेत, त्यातले निम्मे तर नुसतं "परवडेल का ताई" एवढंच विचारतायत, म्हणून त्यातल्या त्यात वेगवेगळे निवडलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. मी स्वतः कार्यक्रमांची कामं घेते त्यामुळे हॉटेलवाल्यांची बाजूपण माहितीये, ती पण सांगणार, मग त्यांना राग आला तरी येऊ दे.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत. दरवर्षी डीलर मीट शहरातल्याच हॉलमध्ये घेतो, सकाळी सुरू, दुपारचं जेवण, संध्याकाळी सगळे मोकळे. यंदा मुलगा म्हणतोय पंचवीस-तीस किलोमीटरवर ते नवीन रिसॉर्ट झालंय, लॉन, कॉटेज, स्विमिंग पूल, तिथे घेऊ. १२० डीलर येतील, तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातनं पण. रिसॉर्टवाला म्हणतो आमचा हॉल ३०० माणसांचा आहे, काळजीच करू नका. मला तर नुसता दिखावा वाटतो, पैसे पाण्यात. तुम्ही सांगा. (एक कारखानदार)

उत्तर: काका, तुमचं पण बरोबर आहे आणि मुलाचं पण, सगळं एकाच गोष्टीवर अडलंय ते म्हणजे मुक्काम आहे का नाही. डीलर सकाळी येणार आणि संध्याकाळी जाणार असतील तर रिसॉर्टला अजिबात जाऊ नका, स्टेशनवरनं माणसं गोळा करून बसमध्ये बसवून तिथे न्यायची आणि परत आणायची यातच दोन-अडीच तास जातात आणि त्या स्विमिंग पूलकडे सगळे लांबूनच बघतात. पण एक रात्र ठेवणार असाल तर मात्र मुलाचं ऐका.

कारण सांगते. शहरातल्या हॉलमध्ये जेवण झालं की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात हे तुम्ही दरवर्षी बघतच असाल, कोणी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला, कोणी तुळजापूरला, कोणी नवी पेठेत चादरी बघायला, कोणाचा सोलापुरातच दुसरा सप्लायर असतो तिकडे. तुमच्या डीलरला तुमच्या स्टेजवरच्या भाषणात काडीचा रस नसतो, राग नका मानू, पण त्याला रस असतो दुसऱ्या डीलरमध्ये, करीमनगरच्या माणसाला हुबळीच्या माणसाकडनं ऐकायचं असतं की तिकडे कुठलं कापड चाललं आणि कुठलं परत आलं, आणि ते बोलणं रात्री जेवणानंतर होतं. त्या गप्पांत तुम्ही आणि तुमचा मुलगा बसलात तर पुढच्या सीझनला काय शिवायचं ते तिथेच कळतं. त्या रात्रीचे पैसे द्यायचे, झुंबराचे नाही.

हे काही आजचं खूळ नाही. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या डोंगरात ब्रेटन वुड्स नावाच्या ठिकाणी माउंट वॉशिंग्टन हॉटेलात ४४ देशांचे ७०० हून जास्त प्रतिनिधी तीन आठवडे बसले होते आणि त्यातनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक निघाली. वॉशिंग्टनला हॉल नव्हते असं थोडंच आहे, पण ब्रिटिशांचे अर्थतज्ज्ञ केन्स साहेब आधीच म्हणाले होते की बाबांनो जुलैत वॉशिंग्टनला नका नेऊ, तिथला उकाडा सोसणार नाही. उकाड्याचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आणि एकदा डोंगरात नेऊन बसवल्यावर कोणाला निसटायला जागा राहिली नाही हा वेगळा फायदा.

आता हॉलचं. "३०० माणसांचा हॉल" म्हणजे ३०० खुर्च्या ओळीने लावल्या तर, त्याला थिएटर सीटिंग म्हणतात, त्यात माणशी आठ ते दहा स्क्वेअर फूट धरतात, म्हणजे हॉल साधारण २,५०० ते ३,००० स्क्वेअर फुटांचा. तुम्हाला माणसांपुढे टेबल हवंय कारण ऑर्डरबुक आणि कापडाचे नमुने ठेवायचे, त्याला क्लासरूम सीटिंग, त्यात माणशी पंधरा ते अठरा लागतात, गोल टेबल मांडले तर बारा ते पंधरा. त्यातनं स्टेज, स्क्रीन, मधले रस्ते आणि तुमचे हँगर-रॅक वजा करा. म्हणजे त्या ३०० च्या हॉलमध्ये तुमची १२० माणसं जेमतेम नीट बसतात. तुम्हाला ठीक आहे, पण उद्या कोणी २०० माणसं घेऊन गेला तर फसला. रिसॉर्टवाल्याला माणसांचा आकडा विचारूच नका, लांबी-रुंदी विचारा आणि मध्ये खांब आहेत का ते विचारा.

आणि एक खास तुमच्या धंद्याचं. या भारी हॉटेलांचा सगळा लाइट पिवळा असतो, लग्नात बायकांचे दागिने चमकावेत म्हणून, त्यात नेव्ही ब्लू आणि काळा एकसारखा दिसतो, मरून आणि तपकिरी पण. तुमचा डीलर रंग बघून ऑर्डर देणार आहे, तेव्हा हॉल बघायला जाताना चार शेडची कापडं बरोबर घेऊन जा, लाइट लावून बघा, आणि पांढरे लाइट वेगळे लावून मिळतील का ते लिहून घ्या. मोठ्या खिडक्या असलेला हॉल असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त प्रोजेक्टरवर काही दाखवणार असाल तर पडदे जाड हवेत.

खोल्यांचं गणित पण आधी करा. १२० जणांना दोघांत एक म्हटलं तरी ६० खोल्या झाल्या, एवढ्या त्या रिसॉर्टला आहेत का हेच आधी विचारा. एकाच गावचे दोन डीलर एका खोलीत टाकू नका, ते धंद्यातले दुश्मन असतात. ड्रायव्हर मोजायला विसरू नका, कर्नाटक-तेलंगणाचे बरेच जण स्वतःच्या गाडीने येतील म्हणजे तीसेक ड्रायव्हर तर धरा, त्यांचं जेवण कुठे, झोपायची सोय काय. रिसॉर्टवाले त्यांना पार्किंगमध्ये सोडतात आणि मग ड्रायव्हर रात्रभर जागा असतो आणि सकाळी तोच मालकाला घेऊन हैदराबाद हायवेवर तीनशे किलोमीटर जाणार असतो. विचार करा.

दर्शनाला विरोध करू नका, कार्यक्रमातच टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बस, दर्शन करून तिकडूनच रवाना. रिसॉर्ट तुळजापूर रोडला असेल तर तुळजापूर, अक्कलकोट रोडला असेल तर अक्कलकोट, दोन्ही करायला गेलात तर दोन्ही बोंबलतील.

प्रश्न: आमच्या फर्मची वार्षिक मिटिंग हैदराबादच्या बाहेरच्या एका मोठ्या रिसॉर्टला घ्यायचं घाटतंय, तो म्हणे सोलापूरच्या मानाने भारी आणि रेट जवळपास सारखाच. मी अकाउंट्स बघतो. जीएसटीचं क्रेडिट मिळेल ना? (होटगी रोडवरून)

उत्तर: दादा, बरं झालं विचारलंत, हे बुकिंग झाल्यावरच बहुतेकांना कळतं. क्रेडिट म्हणजे बिलात भरलेला जीएसटी आपल्याला भरायच्या जीएसटीतनं वजा करून घेणं. हॉटेलची खोली, हॉल, तिथे होणारा कार्यक्रम, यांना कायद्यात पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती वास्तू जिथे उभी आहे ते राज्य. तुमची नोंदणी महाराष्ट्रात, रिसॉर्ट तेलंगणात, म्हणजे तो तिथला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि त्या राज्याचा वाटा) लावणार आणि तेलंगणात तुमची नोंदणी नसेल तर ते क्रेडिट तुमच्या काही कामाचं नाही. तेच रिसॉर्ट सोलापूर, पुणे, महाबळेश्वर कुठेही महाराष्ट्रात असतं तर खोली-हॉलचं क्रेडिट घेता आलं असतं. १८ टक्क्यांपर्यंतचा फरक म्हणजे "रेट सारखाच" राहत नाही मग.

खोल्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारापर्यंत ५ टक्के आणि त्याच्यावर १८ टक्के लागतो. जेवणाच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र बहुतेक फर्मना मिळतच नाही, महाराष्ट्रात असो नाहीतर बाहेर, कायद्यातच अडवलंय. म्हणून रिसॉर्टवाला "ऑल इन्क्लुझिव्ह पॅकेज, माणशी इतके" असं एका ओळीत बिल देत असेल तर घेऊ नका, खोली, हॉल, जेवण, डेकोरेशन, साउंड सगळं वेगळं लिहून घ्या, कोटेशनमध्येच. बिलावर फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर बरोबर आहे का ते ॲडव्हान्स देतानाच बघा. बाकी तुमच्या सीएंना दाखवा, ते माझ्यापेक्षा शिकलेत.

प्रश्न: आमची १९८४ ची दहावीची बॅच, व्हॉट्सॲप ग्रुपवर ६५ जण आहेत, गेट-टुगेदर करायचंय. काही मित्र आता मोठे झालेत ते म्हणतात भारीतलं रिसॉर्ट घेऊ, डीजे लावू, रात्रभर नाचू. काहींना परवडणार नाही पण ते बोलत नाहीत. निम्म्यांचे गुडघे गेलेत. मी ॲडमिन आहे, सगळ्यांच्या शिव्या मला. (एक त्रस्त ॲडमिन)

उत्तर: ॲडमिन दादा, तुम्हाला साष्टांग.

आधी पैशाचं. माणशी वर्गणी ठरवून ग्रुपवर टाकलीत तर ज्यांना परवडत नाही ते "त्या दिवशी पाहुण्यांकडे लग्न आहे" म्हणून सांगतील आणि तुम्हाला कळणार पण नाही. मोठे झालेल्या मित्रांना वेगळं फोन करा, त्यांना सांगा खोल्या तुमच्याकडे, जेवणाची वर्गणी सगळ्यांची सारखी. आणि कोणी किती दिले ते स्टेजवर बोलायचं नाही, ही अट आधी घाला. सत्कार तर अजिबात नको.

रेट कमी करायचा तर शनिवार-रविवार सोडा, तुमच्यातले निम्मे रिटायरमेंटला टेकलेत, मंगळवारी यायला काय हरकत आहे. आणि लग्नाचे मुहूर्त बघून घ्या, मुहूर्ताच्या दिवशी रिसॉर्टवाला फोनसुद्धा नीट उचलत नाही, आणि चातुर्मासात तोच माणूस स्वतःहून रेट पाडतो कारण लॉन मोकळं पडलेलं असतं. पौषात पण लग्नं नसतात पण तेव्हा हुरड्याची गर्दी असते, त्यामुळे तिथे फार घासाघीस चालत नाही.

डीजेचं. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा नियम २००० सालापासूनचा आहे, सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं ते सणासाठी, तुमच्या बॅचसाठी नाही. रिसॉर्टवाला म्हणेल "इकडे रानात कोण येतंय बघायला", पण पलीकडच्या वस्तीवरच्या माणसाला सकाळी धारा काढायच्या असतात आणि तो पोलिसांच्या ११२ ला फोन लावतो. बंद हॉलमध्ये आवाज बाहेर जाणार नाही असा लावा. गाण्यांच्या लायसन्सचं पण विचारून घ्या, कॉपीराइट कायद्यात लग्नाला आणि लग्नाच्या समारंभांना सूट आहे पण गेट-टुगेदर म्हणजे लग्न नव्हे, तेव्हा ते लायसन्स रिसॉर्टचं आहे का तुम्ही काढायचं हे आधीच ठरू दे. बार असलेलं रिसॉर्ट नसेल आणि कोणाला "बसायचं" असेल तर एक दिवसाचा परवाना राज्य उत्पादन शुल्ककडनं मिळतो, गाडीच्या डिकीतला कार्यक्रम नको.

गुडघ्यांचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी बघत नाही. कॉटेजवाली रिसॉर्ट फोटोत छान दिसतात पण कॉटेज ते डायनिंग हॉल पाव किलोमीटर, मध्ये दगडी पायवाट, रात्री गुडघ्याएवढ्या उंचीचे मिणमिणते दिवे. बॅटरीची गाडी आहे का, खालच्या मजल्यावर किती खोल्या, बाथरूमला पायरी आहे का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, हे बघून या. बघायला तुम्ही जाऊ नका, तुमच्या बॅचमधली जिचे गुडघे सगळ्यात जास्त दुखतात तिला घेऊन जा, ती सगळं बरोबर सांगेल.

आणि मुक्काम ठेवाच, बजेट नसेल तर डेकोरेशन कापा, बॅनर कापा, पण रात्र कापू नका. चाळीस वर्षांनी भेटल्यावर पहिले तीन तास तर कोण कोण आहे तेच ओळखण्यात जातात.

प्रश्न: मी मूळची सोलापूरची, पुण्यात आयटी कंपनीत एचआरला आहे. आमच्या टीमचा ऑफसाइट, म्हणजे ऑफिसबाहेर जाऊन घ्यायची मिटिंग, दरवेळी लोणावळ्याला होतो, सगळे कंटाळलेत. मी म्हटलं सोलापूरला चला, तर सगळे हसले. ३५ जण, दोन रात्री. खरंच नेऊ का? वंदे भारतने येता येईल ना? (पुण्याहून एक सोलापूरकर)

उत्तर: हसू दे त्यांना, ने तू. पण वंदे भारतचं विसर. ती २०२३ च्या फेब्रुवारीपासून सुरू झाली, गाडी छानच आहे, पण तिची वेळ सोलापूरकरांनी मुंबईला जाऊन यायची आहे, पाहुण्यांनी सोलापूरला यायची नाही. मुंबईहून दुपारी निघते, इकडे पोचायला रात्रीचे साडेदहा होऊन जातात, आणि परत जायला सकाळी सहाच्या सुमारास सुटते. रिसॉर्ट तीस किलोमीटरवर असेल तर ३५ आयटीवाल्यांना पहाटे चारला उठवणार कोण? हुतात्मा एक्स्प्रेसचं पण तेच, सकाळी इकडून तिकडे. सरळ बस कर, अडीचशे किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघालीस तर दुपारच्या जेवणाला पोचता, जाताना भिगवणजवळ थांबा, हिवाळा असेल तर उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो असतात, ते बघितल्यावर अर्धे जण तिथेच गप्प होतील.

महिना नीट निवड. मार्चनंतर विचारच करू नको, एप्रिल-मेला ४२-४३ सहज जातं, त्यात लॉनवरचे टीम गेम म्हणजे दवाखान्याची सोय. जून-जुलै बरा, पण आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटा भरलेल्या असतात. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरला, परतीचा, २०२५ ला सीनेला कसला पूर आला होता आठवतंय ना, तेव्हा नदीकाठचं रिसॉर्ट असेल तर जपून. कोजागिरीला तुळजापूर रोड चालत जाणाऱ्यांनी भरतो, गाड्या वळवतात, त्या रोडवरचं रिसॉर्ट त्या दिवशी घेऊ नको. संक्रांतीला गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, शहरात गाडी घालायला जागा नाही, पण तुझ्या टीमला गड्डा दाखवायचा असेल तर मुद्दाम ने, तो वेगळा अनुभव. बाकी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी डोळे झाकून.

दोन दिवसांत करायला भरपूर आहे की. नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत, बोरी नदीवर बांधलेला तो पाणीमहाल, पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहत असतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ, माळढोक दिसेल असं सांगून नेऊ नको, ते आता नशीबवाल्यालाच दिसतात, पण काळवीट आणि ते मोकळं माळरान बघून पुण्याची माणसं खूश होतात. एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात तासभर ने, मागांचा आवाज ऐकल्यावर त्यांना कळेल ओपन ऑफिसमध्ये गोंगाट होतो म्हणून रडणं म्हणजे काय असतं. एक संध्याकाळ हुरडा, शेंगा चटणी, कडक भाकरी, वांगं. रिसॉर्टवाला मेनूत पास्ता आणि मंचुरियन घालायला बघेल कारण त्याला वाटतं पुण्याच्या लोकांना तेच लागतं, तेवढं मात्र लढ.

कामाचं आता. नेटचं विचारताना "वायफाय आहे का" विचारू नको, सगळे हो म्हणतात. हॉलमध्ये उभी राहून व्हिडिओ कॉल लाव, आणि त्याच वेळी ३५ लॅपटॉप लागणार आहेत सांग, फायबर आहे का नुसतं मोबाइलच्या सिमवर चालतंय, दुसरी लाइन आहे का. आणि त्याला म्हण मेन स्विच पाड. जनरेटर किती सेकंदात लागतो, एसी त्याच्यावर चालतात का फक्त दिवे, ते समोर बघ. बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर हॉलचे दिवे आणि किचन एवढंच असतं, आणि बंद काचेच्या हॉलमध्ये एसी गेला की दहा मिनिटांत सगळे लॉनवर.

छोट्या खोल्या किती ते पण बघ, ३५ जणांचे पाच गट करून चर्चा घ्यायची असेल तर पाच जागा लागतात, सगळ्या ऑफसाइटला एकच मोठा हॉल असतो आणि मग गट कोपऱ्याकोपऱ्यात बसून एकमेकांवर ओरडतात. व्हरांडे असतील तर उत्तम, फुकट.

प्रश्न: डॉक्टरांच्या संघटनेचा सेक्रेटरी आहे. वार्षिक परिषद एका चांगल्या रिसॉर्टवर घेतोय. तो किमान १५० ताटांची गॅरंटी आणि निम्मा ॲडव्हान्स मागतोय. आमच्यात २०० नावं येतात पण प्रत्यक्षात किती येतील देव जाणे. एक औषध कंपनी खोल्यांचा खर्च उचलायला तयार आहे, म्हणजे ओझं कमी होईल.

उत्तर: डॉक्टर, दुसरं आधी. खोल्यांचं ते ओझं त्या कंपनीवर टाकू नका. २०२४ च्या मार्चमध्ये औषध कंपन्यांसाठी जी आचारसंहिता आली तिच्यात हॉटेल मुक्काम, महागडं जेवण, रिसॉर्टची खोली असला पाहुणचार डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना द्यायचा नाही असं सरळ लिहिलंय, सूट फक्त कार्यक्रमात बोलणाऱ्या वक्त्याला. तुमच्या सभासदांनी स्वतःची खोली स्वतः भरावी, आणि खरं सांगू, स्वतः पैसे भरलेला डॉक्टर येतोच. फुकट नाव नोंदवलेला नेमका त्या दिवशी सिझरमध्ये अडकतो.

गॅरंटीचं, रिसॉर्टवाल्याचं चुकत नाही, त्याने भाजी आणून ठेवलेली असते. पण १५० वर सही करू नका. पैसे भरलेले जितके, त्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के ही गॅरंटी ठेवा, अंतिम आकडा तीन दिवस आधी देऊ असं लिहून घ्या, आणि वर दहा-पंधरा ताटं वाढली तर त्याच रेटने. ॲडव्हान्स हप्त्यात द्या. कार्यक्रम रद्द झाला तर किती परत, तारीख बदलली तर काय, पूर किंवा सरकारी बंदी आली तर काय, हे तीन वेगवेगळे लिहा, "रद्द झाल्यास परतावा नाही" या एका ओळीत सगळं गुंडाळून देतात. एमएमसीचे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे) क्रेडिट पॉइंट हवे असतील तर परवानगी आधी घ्या आणि मग तारीख पक्की करा, उलटं नको.

प्रश्न: ताई, मोहोळ तालुक्यात सहा एकर आहे, रोड टच. मावसभाऊ म्हणतोय ज्वारीत काय मिळतंय, लक्झरी रिसॉर्ट टाक, मोठा हॉल बांध, लग्नं आणि कंपन्यांच्या मिटिंगा येतील. कर्ज काढू का?

उत्तर: भाऊ, मावसभावाला आधी विचार तो किती घालतोय.

आज कर्ज काढून हॉल बांधू नकोस. हॉल आणि मोठ्या कार्यक्रमांचं रिसॉर्ट म्हणजे जमिनीच्या बिगरशेती वापराचं काम, फायरची एनओसी, फूड लायसन्स, सांडपाण्याची सोय, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. फोटोतलं ते हिरवंगार लॉन मे महिन्यात सोलापुरात जिवंत ठेवायचं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, त्याच पाण्यात डाळिंब जगतं. वर चादरी-उशांची रोजची धुलाई, आणि वेटरांवरचा कॅप्टन, कुक, हाउसकीपिंगची माणसं, जी शहरातनं रोज आणायची आणि संध्याकाळी सोडायची. भारी रिसॉर्टचा पैसा भिंतींत कमी आणि माणसांत जास्त जातो, आणि मुहूर्त नसले तरी पगार थांबत नाही.

त्यापेक्षा हे बघ. २०२० मध्ये सरकारने कृषी पर्यटन धोरण आणलंय, शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. ज्वारीवर बोलतोस, तर ती ज्वारीच तुझं भांडवल आहे, एक-दीड एकर हुरड्याची गुळभेंडी नाहीतर सुरती लाव, पेरणी एकदम न करता दहा-बारा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यात कर म्हणजे हुरडा जास्त दिवस मिळतो, शेळगीला ज्वारीचं संशोधन केंद्र आहे तिथे वाणाचं विचार. दोन हिवाळे नुसता हुरडा कर, शौचालयं मात्र पहिल्या दिवसापासून चकाचक हवीत, बायका त्यावरच ठरवतात परत यायचं का नाही. त्यात तुला कळेल कोण येतं, किती पैसे देतं, संध्याकाळी राहायला मागतं का. लोक राहायला मागायला लागले की चार खोल्या बांध. मोठा हॉल ज्याच्याकडे आहे त्याचे पाहुणे तुझ्याकडे एक संध्याकाळ येतील असं त्याच्याशी जुळवून घेतलंस तर त्याचं पण भागतं आणि तुझं पण.

प्रश्न: बाहेरगावच्या पाहुण्यांना निघताना काय द्यावं? दरवेळी ट्रॉफ्या देतो, त्या खोलीतच सोडून जातात. (पुणे रोड, चिंचोळी एमआयडीसी)

उत्तर: मग ट्रॉफ्या बंद करा. चादर सगळ्यांना आवडते पण जड, विमानाने जाणाऱ्याला नको, त्याला टॉवेल द्या. गाडीने आलेल्याला खुशाल चादर. कंपनीचं नाव टॉवेलच्या मधोमध छापू नका, कोपऱ्यात बारीक विणून घ्या, नाहीतर तो फरशी पुसायला जातो. आणि बरोबर कडक भाकरीची चवड आणि शेंगा चटणी, भाकऱ्या आठवडाभर काही होत नाहीत पण पिशवीत मोडतात, म्हणून पुठ्ठ्याच्या डब्यात. निघायच्या आदल्या रात्री खोलीत ठेवायला सांगा, सकाळी बसमध्ये वाटायला गेलात की पाच-दहा डबे हमखास कमी पडतात.